तुटलेली गुणसूत्रे आणि मुलांचा रक्तकर्करोग

'जनुकीय' आणि 'आनुवंशिक' हे दोन शब्द आपण बहुधा एकाच अर्थाने वापरतो. जनुके आईवडिलांकडून येतात. तेव्हा जनुकांत दोष आहे म्हणजे तो आईवडिलांकडूनच आला असणार, असा सरळ हिशेब आपण मनाशी करून टाकतो. पुष्कळदा हा हिशेब खपूनही जातो. परंतु एका रोगाच्या बाबतीत तो बहुतेक वेळा साफ चुकतो, आणि त्या चुकीचा भार आधीच खचलेल्या आईबापांना वाहावा लागतो. तो रोग म्हणजे लहान मुलांना होणारा रक्ताचा तीव्र कर्करोग, अर्थात ल्युकेमिया.

एखादे मूल या रोगाने आजारी पडते. त्याच्या हाडातील मज्जेची तपासणी होते आणि अहवालात 'गुणसूत्रांत बिघाड' असे शब्द येतात. लगेच नातेवाइकांत कुजबुज सुरू होते. हे कोणाच्या घराण्यातून आले? आईकडून की वडिलांकडून? धाकट्या भावाला होईल का? थोरल्या बहिणीचे लग्न ठरायला अडचण येईल का? या प्रश्नांची उत्तरे विज्ञानाने आता बऱ्याच खात्रीने दिली आहेत. ती कशी मिळाली, हे आपण या लेखात क्रमाने पाहू.

मज्जेतील कारखाना

आपल्या हाडांच्या पोकळीत अस्थिमज्जा असते. रक्तातील सर्व पेशी तयार करणारा हा कारखाना आहे. त्याचा वेग विद्यार्थ्यांनी लक्षात घेण्यासारखा आहे. प्रौढ माणसाची मज्जा दिवसाला सुमारे २० हजार कोटी तांबड्या पेशी तयार करते. याखेरीज रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि रक्तस्राव थांबवणाऱ्या रक्तपट्टिका वेगळ्याच. प्रत्येक पेशी आधी अपक्व असते, काही वेळा विभागते, मग पक्व होते, आपले काम करते आणि ठरल्या वेळी मरते.

ल्युकेमियात यातील एक अपक्व पांढरी पेशी शिस्त मोडते. ती विभागत राहते, पण पक्व होत नाही. तिच्या लेकी व नातीही तशाच. हळूहळू मज्जेतील सारी जागा या निकामी पेशी बळकावतात. मग तांबड्या पेशी कमी पडतात व मूल पांढुरके दिसू लागते. कामाच्या पांढऱ्या पेशी कमी पडतात व ताप हटत नाही. रक्तपट्टिका कमी पडतात व अंगावर विनाकारण काळेनिळे डाग उमटतात. रुडॉल्फ व्हिर्को या जर्मन शास्त्रज्ञाने १८४५ साली अशा एका रुग्णाचे वर्णन केले आणि १८४७ साली रोगाला 'पांढरे रक्त' या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून ल्युकेमिया हे नाव दिले.

रोग लक्षात येतो त्या वेळी मुलाच्या शरीरात अशा सुमारे एक लाख कोटी पेशी असतात. त्यांचे वजन एक किलोग्रॅमच्या घरात जाते. इतक्या पेशी एका पेशीपासून कशा झाल्या असतील? बुद्धिबळाच्या पटावर दर घरात दुप्पट धान्य ठेवण्याची गोष्ट तुम्हांला ठाऊक आहे. एका पेशीच्या दोन, दोनांच्या चार, असे दहा वेळा झाले की १,०२४ पेशी होतात. वीस वेळा झाले की दहा लाखांवर. तीस वेळा झाले की शंभर कोटींवर. आणि चाळीस वेळा झाले की एक लाख कोटींवर. म्हणजे केवळ चाळीस दुपटींचे हे काम आहे. हा हिशेब ध्यानात ठेवा. पुढे त्याची पुन्हा गरज लागणार आहे.

मुलांत आढळणाऱ्या सर्व कर्करोगांत ल्युकेमियाचे प्रमाण सर्वांत अधिक आहे. त्यातही लसीकापेशी या जातीच्या पांढऱ्या पेशींचा तीव्र ल्युकेमिया मुख्य होय. दोन ते पाच वर्षे या वयात तो सर्वाधिक दिसतो. 'तीव्र' याचा अर्थ उपचार न केल्यास थोड्याच आठवड्यांत किंवा महिन्यांत जीव घेणारा.

सेहेचाळीसचा हिशेब

कर्करोगाचे मूळ पेशीतील गुणसूत्रांच्या बिघाडात असावे, असा तर्क थिओडोर बोव्हेरी या जर्मन जीवशास्त्रज्ञाने १९१४ साली मांडला होता. समुद्री साळिंदर या प्राण्याच्या अंड्यांतील गुणसूत्रांचे वाटप चुकले की त्यांची वाढ कशी बिघडते, याचा अभ्यास त्याने वर्षानुवर्षे केला होता. त्यावरून सुचलेली ही कल्पना होती. पण ती पडताळणार कशी? त्या काळी माणसाच्या पेशीत गुणसूत्रे किती, हेदेखील नक्की माहीत नव्हते. पुढे ४८ हा आकडा पाठ्यपुस्तकांत पक्का बसला.

अडचण साधी होती. काही मायक्रॉन लांबीच्या या काड्या पेशीच्या मध्यभागी एकमेकींवर चढून बसलेल्या असतात. त्या सुट्या झाल्याशिवाय मोजता येत नाहीत. पेशी फिकट द्रावणात, म्हणजे पेशीतल्यापेक्षा कमी क्षार असलेल्या पाण्यात ठेवल्या, तर पाणी आत शिरून त्या फुगतात आणि गुणसूत्रे एकमेकांपासून दूर सरकतात. ही युक्ती वापरून जो हिन त्जिओ आणि आल्बर्ट लेव्हान यांनी स्वीडनमधील लुंड येथे १९५६ साली नक्की आकडा जाहीर केला : ४६, म्हणजे २३ जोड्या.

योग्य आकडा हाती आल्यावर चूक ओळखणे शक्य झाले. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड हे ल्युकेमियाच्या पेशी तपासत होते. मोठ्या माणसांना होणाऱ्या एका मंदगती ल्युकेमियात एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड असते, असे त्यांनी १९६० साली दाखवले. एका रुग्णात नव्हे, तर रुग्णामागून रुग्णात तेच. शहराच्या नावावरून त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणतात. विशिष्ट कर्करोगाशी विशिष्ट गुणसूत्राचा दोष जोडला गेल्याचे हे पहिले उदाहरण होय.

पण हा तुटलेला तुकडा गेला कुठे? याचे उत्तर मिळण्यासाठी भौतिकशास्त्राची मदत घ्यावी लागली. काही पदार्थ एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात. यालाच प्रतिदीप्ती म्हणतात. स्टॉकहोम येथील टॉर्ब्योर्न कास्परसन यांच्या गटाने १९७० च्या सुमारास गुणसूत्रांना क्विनाक्रिन जातीचे प्रतिदीप्त रंगद्रव्य लावले. तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक गुणसूत्रावर उजळ व मंद पट्टे दिसू लागले, आणि प्रत्येक जोडीचा पट्ट्यांचा नमुना वेगळा निघाला. आतापर्यंत नुसती लांबी पाहून ओळखायच्या काड्यांना जणू नावाच्या पाट्या मिळाल्या.

शिकागोच्या डॉ. जॅनेट राउली यांनी या पट्ट्यांचा पुरेपूर उपयोग केला. गुणसूत्रांची छायाचित्रे कात्रीने कापून त्या घरातील जेवणाच्या टेबलावर जोड्या लावीत बसत. १९७२ साली त्यांना दिसले, की तीव्र ल्युकेमियाच्या एका प्रकारात ८ व्या आणि २१ व्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे बदलले आहेत. पाठोपाठ फिलाडेल्फिया गुणसूत्राचेही कोडे सुटले. ते होते २२ वे गुणसूत्र, आणि त्याचा हरवलेला तुकडा ९ व्या गुणसूत्राच्या टोकाला चिकटलेला होता. १९७३ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. काहीही हरवले नव्हते. जागांची अदलाबदल झाली होती.

अदलाबदलीने बिघडते काय?

दोन चिठ्ठ्यांची कल्पना करा. एकीवर लिहिले आहे, 'कारखाना रात्री बंद ठेवावा.' दुसरीवर, 'रस्त्यावरचा दिवा रात्री चालू ठेवावा.' दोन्ही चिठ्ठ्या 'रात्री' या शब्दानंतर फाटल्या आणि तुकडे चुकून उलटसुलट चिकटवले गेले. आता पहिली चिठ्ठी सांगते, 'कारखाना रात्री चालू ठेवावा.' दुसरी सांगते, 'रस्त्यावरचा दिवा रात्री बंद ठेवावा.' एकही अक्षर नवे आले नाही, एकही गेले नाही. पण दोन्ही हुकूम उलटे झाले.

गुणसूत्रांत असेच घडते. ९ व्या आणि २२ व्या गुणसूत्रांच्या अदलाबदलीत एबीएल व बीसीआर या दोन जनुकांचे तुकडे एकत्र येतात. एबीएलचे प्रथिन हे पेशीला विभागण्याची सूचना देणाऱ्या साखळीतील एक बटण आहे. एरवी ते गरजेपुरते चालू होते. बीसीआरचा तुकडा जोडला गेला की ते कायमचे चालू राहते. ही पहिली चिठ्ठी झाली.

दुसऱ्या चिठ्ठीचे उदाहरण मुलांच्या ल्युकेमियात सापडते. १२ व्या आणि २१ व्या गुणसूत्रांच्या अदलाबदलीत ईटीव्ही-६ आणि रंक्स-१ ही जनुके जोडली जातात. रंक्स-१ चे काम रक्तपेशी पक्व करणारी इतर जनुके जागी करण्याचे आहे. जोडलेले प्रथिन उलट त्यांना झोपवून ठेवते. पेशी अपक्वच राहते.

आता विचाराल, की गुणसूत्र मुळात तुटतेच का? याला एकच उत्तर नाही. क्ष-किरणांसारख्या किरणोत्सर्गाने ते तुटू शकते. परंतु रोज होणाऱ्या कोट्यवधी पेशीविभाजनांत निव्वळ योगायोगानेही अशा चुका घडतात. लसीकापेशींच्या बाबतीत आणखी एक धोका असतो. नाना प्रकारच्या रोगजंतूंना ओळखणारी नाना प्रकारची प्रतिपिंडे तयार करण्यासाठी या पेशी आपली काही जनुके मुद्दाम कापतात आणि नव्या क्रमाने जोडतात. त्यासाठी त्यांच्याजवळ खास कात्री असते. हीच कात्री कधी भलत्या ठिकाणी चालते. १२–२१ प्रकारच्या ल्युकेमियातील नंतरच्या पुष्कळशा मोडतोडीवर या कात्रीच्या खुणा असल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

एक नाव, अनेक रोग

सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसणाऱ्या मुलांच्या ल्युकेमियात गुणसूत्रे पाहू लागल्यावर बरेच निरनिराळे रोग दडलेले आढळले. त्यांतील मुख्य तेवढे पाहू.

सुमारे चौथा हिस्सा मुलांत रोगट पेशीतील गुणसूत्रांची संख्याच वाढलेली असते; ४६ ऐवजी ५१ ते ६७. एवढा गोंधळ म्हणजे रोग भयंकर असणार असे वाटेल, पण ही मुले उपचारांनी उत्तम बरी होतात. याचे एक कारण मोठे गमतीचे आहे. मेथोट्रेक्सेट हे औषध पेशीत ओढून घेणारे प्रथिन २१ व्या गुणसूत्रावरील जनुकापासून बनते, आणि या पेशींत २१ वे गुणसूत्र जास्तीचे असते. म्हणजे रोगट पेशी स्वतःच्याच हाताने अधिक औषध पिऊन घेते!

दुसरा मोठा गट १२–२१ अदलाबदलीचा. पाश्चात्त्य देशांत हाही चौथ्या हिश्शाच्या जवळपास आहे. भारतातील पाहण्यांत हे प्रमाण कमी आढळले आहे. याही मुलांची बरी होण्याची आशा फार चांगली असते. विशेष म्हणजे ही अदलाबदल पट्ट्यांच्या पद्धतीने दिसतच नाही. कारण बदललेले दोन्ही तुकडे आकाराने आणि पट्ट्यांनी जवळजवळ सारखे असतात. ठरावीक जनुकालाच जाऊन चिकटणारे प्रतिदीप्त डीएनए वापरल्यावर, १९९४ साली ती प्रथम उघडकीस आली.

एक वर्षाच्या आतील बाळांत मात्र वेगळेच चित्र असते. त्यांच्या तीव्र लसीकापेशी ल्युकेमियात दहापैकी सात-आठ जणांत ११ व्या गुणसूत्रावरील केएमटी-२ए हे जनुक तुटून दुसऱ्याशी जोडलेले असते. हा प्रकार अवघड असून त्याला अधिक कडक उपचार लागतात. गुणसूत्रे ४४ पेक्षाही कमी झालेला प्रकार विरळ, पण तोही कठीण. आणि शंभरात तीन ते पाच मुलांत आपले ओळखीचे फिलाडेल्फिया गुणसूत्र आढळते.

हे केव्हा घडते?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हा बिघाड येतो कोठून?

पहिला पुरावा साधा आहे. रोगट पेशींत १२–२१ अदलाबदल असलेल्या मुलाच्या त्वचेतील पेशी पाहिल्या, तर तेथे सर्व गुणसूत्रे जागच्या जागी असतात. आईच्या व वडिलांच्या पेशींतही असतात. जो दोष बीजपेशीतून आला असेल, तो शरीरातील झाडून साऱ्या पेशींत असायला हवा. हा तसा नसतो. तो नंतर, एका रक्तपेशीत निर्माण झालेला असतो आणि तिच्याच वंशात राहतो.

दुसरा पुरावा जुळ्या मुलांकडून मिळाला. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांपैकी एकाला ल्युकेमिया झाला, तर दुसऱ्यालाही होण्याचा धोका इतर भावंडांपेक्षा पुष्कळ जास्त असतो. याचा अर्थ दोष आनुवंशिक आहे, असे पूर्वी वाटे. लंडनचे मेल ग्रीव्हज आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून अशा जुळ्यांची जनुके अक्षर-अक्षर वाचली. जनुकांत हजारो अक्षरांच्या पट्ट्यात कोठेही तूट पडू शकते, म्हणून दोन वेगळ्या रुग्णांत ती नेमकी एकाच अक्षरावर सापडत नाही. जुळ्यांत मात्र ती तंतोतंत एकाच जागी होती, आणि त्यांच्या इतर पेशींत नव्हती. मग उत्तर एकच उरते. गर्भाशयात असताना एका बाळाच्या एका पेशीत ही तूट पडली, आणि दोघांची वार एक असल्याने त्या पेशीच्या लेकी रक्तावाटे दुसऱ्या बाळात गेल्या. दोष आईकडून आला नव्हता, वडिलांकडूनही नाही; भावाकडून भावाकडे गेला होता.

तिसरा पुरावा कपाटात पडून होता. अनेक देशांत नवजात बाळाच्या टाचेतील रक्ताचे थेंब टिपकागदावर घेऊन काही जन्मजात रोगांची चाचणी करतात आणि ते कागद जपून ठेवतात. पुढे ल्युकेमिया झालेल्या मुलांचे हे जुने कागद काढून तपासले, तेव्हा बऱ्याच मुलांच्या त्या वाळलेल्या थेंबांत नेमकी तीच तूट सापडली. केएमटी-२ए ची तूट १९९७ साली आणि १२–२१ ची १९९९ साली अशा रीतीने दाखवण्यात आली. रोग दोन-पाच वर्षांनी झाला, पण पहिला बिघाड जन्माआधीचा होता.

यावरून आणखी एक गोष्ट निघते. पहिला बिघाड पुरेसा नसतो. १२–२१ ची तूट असलेल्या एका जुळ्या जोडीत एकाला पाचव्या वर्षी रोग झाला, दुसऱ्याला चौदाव्या. नाळेतील रक्ताच्या तपासणीत सुमारे शंभरात एका बाळात ही तूट आढळते, असे २००२ साली दिसले. २०१८ च्या अधिक बारीक तपासणीत हे प्रमाण शंभरात पाच निघाले. आता हिशेब करा. संपन्न देशांत पंधरा वर्षांपर्यंतच्या सुमारे दोन हजार मुलांमागे एकाला लसीकापेशींचा तीव्र ल्युकेमिया होतो, आणि त्यांतला चौथा हिस्सा या प्रकारचा. म्हणजे आठ-दहा हजारांत एक. तेव्हा शंभरात एक हे कमी प्रमाण धरले, तरी पहिला बिघाड घेऊन जन्मलेल्या शंभर बाळांपैकी एखाद्यालाच रोग होतो. उरलेली नव्याण्णव ते न कळताच मोठी होतात. रोग होण्यासाठी पुढे दुसरा बिघाड व्हावा लागतो. उदाहरणार्थ, ईटीव्ही-६ ची उरलेली चांगली प्रतही नाहीशी होणे.

चौथा पुरावा इतिहासातील एका काळ्याकुट्ट घटनेने दिला. १९४५ साली हिरोशिमा आणि नागासाकी येथे अणुबॉम्ब पडले. वाचलेल्या लोकांत थोड्याच वर्षांत ल्युकेमियाचे प्रमाण वाढले, आणि बॉम्बच्या वेळी लहान असलेल्यांत ते विशेष वाढले. किरणोत्सर्गाने रक्तपेशींची गुणसूत्रे तुटतात, याचा हा दारुण पडताळा होता. परंतु याच लोकांना नंतर झालेल्या सत्तर हजारांहून अधिक मुलांची दीर्घकाळ पाहणी केली असता, त्यांच्यात ल्युकेमियाची वाढ आढळली नाही. आईवडिलांच्या मज्जेत झालेली मोडतोड मुलांकडे गेली नाही.

सत्य पुरते सांगायचे, तर काही अपवाद आहेत. डाउन संलक्षण असलेल्या मुलांत जन्मतःच २१ वे गुणसूत्र तीन असतात आणि त्यांना ल्युकेमियाचा धोका बराच अधिक असतो. काही थोड्या घराण्यांत टीपी-५३ सारख्या जनुकाचा दोष खरोखरच वारसाने चालत येतो. गुणसूत्रे फार कमी झालेल्या प्रकारात डॉक्टर तो मुद्दाम तपासतात. पण हे सारे मिळून रुग्णांचा लहानसाच भाग होतो. बहुसंख्य मुलांच्या बाबतीत दोष जनुकीय आहे, आनुवंशिक नाही. सख्ख्या भावंडाला हा रोग होणे फार विरळ आहे, आणि बहिणीच्या लग्नाशी तर त्याचा काडीचाही संबंध नाही.

बिघाडाचा उपयोग

रोगाचे कारण समजले, तर उपचारात काय फरक पडतो? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल, आणि तेही आपल्या मुंबईत. १९२८ च्या सुमारास डॉ. ल्यूसी विल्स या इंग्रज महिला मुंबईत गिरणी कामगार स्त्रियांना गरोदरपणी होणाऱ्या रक्तक्षयाचा अभ्यास करीत होत्या. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ साली दाखवले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल, हे पुढे कळले. नव्या रक्तपेशी बनायला हे आम्ल लागते. मग ल्युकेमियाच्या पेशींना ते मिळूच दिले नाही तर? आंध्रातील भीमावरमचे सुपुत्र येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेने फॉलिक आम्लासारखी दिसणारी, पण त्याचे काम अडवणारी द्रव्ये बनवली. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी त्यांतील अमिनोप्टेरिन सोळा मुलांना दिले. त्यांपैकी दहांचा रोग काही काळ मागे हटला. हे १९४८ साल. वर उल्लेखिलेले मेथोट्रेक्सेट हे याच कुळातले औषध.

पुढे अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत आली. १९६० च्या सुमारास शंभरातील दहा मुलेही वाचत नव्हती. आज संपन्न देशांत लसीकापेशींच्या तीव्र ल्युकेमियातून नव्वदच्या आसपास वाचतात. या यशात गुणसूत्रांच्या ज्ञानाचा वाटा तीन प्रकारचा आहे.

पहिला, उपचार बेताने देणे. सौम्य प्रकार असेल तर कमी तीव्र औषधे पुरतात आणि मुलाच्या वाढत्या शरीराची हानी टळते. कठीण प्रकार असेल तर सुरुवातीपासूनच कंबर कसता येते.

दुसरा, नेमक्या बिघाडावर नेमके औषध. फिलाडेल्फिया प्रकारातील कायम चालू राहणारे बटण बंद करणारे इमॅटिनिब हे औषध २००१ साली वापरात आले. या प्रकारच्या मुलांत पूर्वी तीन वर्षे रोगमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण शंभरात पस्तीस होते. नेहमीच्या औषधांना इमॅटिनिबची जोड दिल्यावर ते ऐंशीवर गेल्याचे २००९ साली जाहीर झाले. मज्जापेशींच्या तीव्र ल्युकेमियाचा एक प्रकार १५ व्या आणि १७ व्या गुणसूत्रांच्या अदलाबदलीने होतो. त्यात 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातील आम्लाला प्रतिसाद देणारे जनुक तुटते. तेच आम्ल मोठ्या प्रमाणात दिले की रोगट पेशी चक्क पक्व होऊ लागतात. शांघाय येथील चोवीस रुग्णांचा अहवाल १९८८ साली प्रसिद्ध झाला आणि साऱ्या जगाचे लक्ष तिकडे गेले.

तिसरा उपयोग मोजण्याचा. चाळीस दुपटींचा हिशेब आठवा. उपचारांनी एक लाख कोटी पेशींतील शंभरात नव्याण्णव मेल्या, तर सूक्ष्मदर्शकाखाली मज्जा जवळजवळ स्वच्छ दिसते. पण शिल्लक किती? एक हजार कोटी! औषध थांबवले, तर सात दुपटींत रोग पुन्हा होता तेथे. म्हणून नुसत्या डोळ्यांवर विसंबून चालत नाही. तुटून जोडलेले जनुक निरोगी पेशींत नसल्याने तीच रोगट पेशीची न पुसणारी खूण ठरते. ती शोधून दहा हजार पेशींत एक, काही पद्धतींनी लाखात एक रोगट पेशीही हुडकता येते. पहिल्या काही आठवड्यांनंतर ही मोजणी करूनच पुढचा उपचार ठरतो.

भारतातही हे काम जुने आहे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, मद्रासची कर्करोग संस्था आणि दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था यांनी १९८४ पासून एकाच आखीव पद्धतीने मुलांवर उपचार सुरू केले आणि पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक मुले बरी होऊ लागली. तरीही संपन्न देशांपेक्षा आपण मागे राहतो. याची कारणे औषधांपेक्षा इतरत्र अधिक आहेत : निदानाला उशीर, उपचारकाळातील जंतुसंसर्ग, आणि दोन-अडीच वर्षे चालणारा उपचार मध्येच सोडून देणे. मूल हिंडू-फिरू लागले की ते बरे झाले असे घरच्यांना वाटते. पैसाही संपत आलेला असतो. पण त्या एक हजार कोटी पेशी दिसत नाहीत. त्यात 'हा घराण्याचा दोष आहे, तो कोठे जाणार?' अशी समजूत मनात असली, तर उपचाराचा धीर आणखी लवकर सुटतो.

विज्ञानशिक्षकांनी आनुवंशिकतेचा धडा शिकवताना एवढे एक वाक्य अवश्य जोडावे : शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुके असतात, पण पुढच्या पिढीकडे जातात ती फक्त बीजपेशींतील. मज्जेतील पेशीत झालेली तूट त्या मुलाबरोबर सुरू होते आणि योग्य उपचार पुरा झाला, तर त्या मुलातच संपते. वर्गातील एखादा मित्र वर्षभराने, डोक्यावर नुकतेच केस उगवू लागलेले असताना शाळेत परत आला, तर त्याच्या शेजारी बसायला कोणी कचरू नये. हा रोग स्पर्शाने पसरत नाही आणि तो कोणाच्या घराण्याचा कलंकही नाही. औषधे चालू असताना जपायचे ते त्या मित्राला आपल्या सर्दी-खोकल्यापासून.